निळी चटई माझी सवत

मित्रांनो, मी एक जुनी सुपली आहे. जुनी म्हणा, चालेल. मोडकी म्हणाल तर याद राखा. तांदळातली कणी, कोंडा, खडे वेगळे करते ती मी. तुमच्यातल्या पुष्कळांनी मला नुसती लग्नाकार्यात हळदीकुंकू लावलेली पाहिली असेल. तेवढ्यावरून माझी पारख करू नका.

मी देवरीकडच्या जंगलातला बांबू. मंगरू बुरडानं मला चिरलं, भिजवलं, पातळ पट्ट्या काढून विणलं. त्या दिवशी त्यानं पाच सुपल्या बाजारात मांडल्या होत्या. शकुंतलाबाईनं पाचही उचलल्या, बोटानं टिचकी मारून पाहिल्या आणि मला काखेत मारलं. बाकीच्या चौघी तिथंच उन्हात पडून राहिल्या. मी कशी दिसत होते ते यावरून समजा.

घरी आणल्यावर तिनं मला शेण आणि वाटलेल्या मेथीचा लेप दिला, वाळवलं आणि कामाला लावलं. काय हात होता बाईचा! नवऱ्याशी वाजलं की ती मला घ्यायची. जावेनं टोमणा मारला की मला घ्यायची. फटक, फटक, फटक. पायलीभर तांदूळ होईस्तोवर कपाळावरची आठी उतरलेली असायची.

कुंपणापलीकडून सुशिलाबाई विचारायची, "काऊन व, आज कोणाले पाखडून राहिली?"

"तुलेच. भूस निघाली सारी," शकुंतलाबाई म्हणायची. मग दोघी हसायच्या.

पुढे तांदूळ गिरणीतून साफ होऊन, पिशवीत भरून यायला लागला आणि मी खुंटीवर गेले. कोळ्यानं माझ्या पोटात संसार थाटला. तेही मी सोसलं. पण ती निळी चटई घरात आली, ते मात्र मला सोसवलं नाही.

चटई आली प्रेरणासाठी. प्रेरणा म्हणजे शकुंतलाबाईच्या योगराजची बायको, देवरी-गोंदिया एसटीवर कंडक्टर. सकाळी पहिली गाडी, संध्याकाळी उशिरा घर. दिवसभर उभे प्रवासी, सुट्ट्या पैशाची कटकट, आणि "ओ बाई, गाडी काऊन नाही थांबवली?" अंगावर खाकी असली की उलटून बोलता येत नाही. सगळं गिळायचं. आणि गिळलेलं घरी आल्यावर दिव्यावर निघायचं. दिव्या तिची लेक, सात वर्षांची.

एकदा दिव्याच्या हातून तिकिटाच्या मशीनवर पाणी सांडलं. प्रेरणानं तिला अशी लगावली की पाचही बोटं उठली. पोरगी रडली नाही. पण दुसऱ्या दिवसापासून दारात आईच्या चपला वाजल्या की ती धानाच्या कोठीमागं जाऊन बसायला लागली. प्रेरणानं ते पाहिलं. नवऱ्याला म्हणाली, "माझी पोरगी मले पाहून लपते जी." एवढं बोलून ती जेवणावरून उठली.

योगराज गोंदियाहून चटई घेऊन आला. मोबाईलमध्ये कोणी बाई बोलायची, "डोळे मिटा. श्वासाकडे लक्ष द्या. मन रिकामं करा."

मित्रांनो, मी जळाले. खोटं कशाला बोलू? त्या चटईला ना काठ, ना कणा. काम काय, तर पडून राहायचं. तरी तिची रोज गुंडाळी व्हायची, तिला पिशवीत घालून कपाटात ठेवायचे. आणि मी, जिनं या घरचा दाणान् दाणा निवडला, ती आढ्याखाली धूळ खात होते!

आणि उपयोग? प्रेरणा डोळे मिटून बसायची. जबडा आवळलेला, मुठी वळलेल्या. मी वरून सगळं पाहायची. डोळे मिटले की तिला गाडीच दिसायची. एकदा तर तशीच पुटपुटली, "पुढे सरका, पुढे सरका." घरात मात्र चिडीचूप. भांडं वाजवायचं नाही, दिव्यानं पाढे म्हणायचे नाहीत.

"ध्यान करून राहिली का साप धरून राहिली व?" शकुंतलाबाई चुलीपाशी धुसफुसायची. "साऱ्या घराले श्वास घ्याची चोरी झाली!"

एखाद्या दिवशी प्रेरणा फाट्यावर नवऱ्याच्या गाडीची वाट न पाहता शेताच्या बांधावरून, धुऱ्याधुऱ्यानं पायी यायची. तेव्हा तिचा चेहरा जरा सैल असायचा. मी त्या धुऱ्यावरही जळायची. एकदा करपलेली कढई राखेनं घासता घासता ती चक्क गुणगुणली. मी कढईवर जळाले. काळीकुट्ट ती, आणि तिच्या नशिबी असा हात!

दिवाळीच्या साफसफाईचे दिवस होते. शकुंतलाबाईनं मला खाली काढून पुसलं आणि भिंतीला टेकवून ठेवलं. प्रेरणाची सुट्टी होती. ती चटईवर बसली होती. तेवढ्यात कोंबडी आत शिरली आणि चटईवर जे करायचं ते करून बसली. तिला हाकलायला दिव्या ओरडत धावली, तिचा पाय मोबाईलला लागला आणि मोबाईल दाणकन आपटला.

प्रेरणा ताडकन उठली. हाताला आलं ते उचललं. आले मी. तिनं मला डोक्यावर नेऊन हवेत फाडकन फटकारलं. दिव्यानं दोन्ही हातांनी डोकं झाकून घेतलं आणि कोठीमागं पळाली.

इतकी वर्षं मी त्या हातासाठी जळत होते. हात मिळाला तो असा.

"रिकामी सुपली फटकू नोको!" शकुंतलाबाई चुलीपासून ओरडली. "घरातलं धान उडून जाते!"

आमच्याकडं हा जुना नेम आहे. भांडखोर दारुड्याला गाडीतून उतरवणारी प्रेरणा, पण हा नेम ऐकून तिचा हात वरच्यावर थांबला. शकुंतलाबाई आली. टोके, म्हणजे किडे, लागलेल्या जुन्या तांदळाचा डबा तिनं उचलला आणि माझ्यात ओतला.

"फटकाचंच हाय ना? मंग भरून फटक."

प्रेरणा मटकन खाली बसली आणि फटकायला लागली. अर्धा तांदूळ जमिनीवर.

"मनगट हालव व, खांदा नाही. मशीनचं बटन नोहे ते!" म्हणत सासू चुलीकडं गेली. मुद्दाम गेली, मला कळलं.

हळूहळू हात बसला. टोके उडाले, कोंडा उडाला. आणि प्रेरणा बोलायला लागली. "परवा एक जण म्हणते, बाईच्या हाती गाडी देली का असंच होते." फटक. "साऱ्या गाडीसमोर म्हणला." फटक. "अन् सारे हसले." फटक. डोळ्यांतून पाणी चाललं होतं, पण पुसायला हात मोकळा नव्हता. डोळे मिटायचीही सोय नाही. मिटले की तांदूळ सांडतो.

मी फुगले. इतक्या दिवसांचं गिळलेलं ती मला सांगत होती! त्या चटईला कधी एक शब्द सांगितला होता का?

तेवढ्यात आवाज आला, "मंग तू त्याले काय म्हटली?"

दिव्या कधी येऊन बसली होती कोण जाणे. हातभर लांब बसून सांडलेल्या तांदळातले खडे वेचत होती.

"काही नाही म्हटली."

"मी असती तर त्याले उतरवून देल्ली असती. जंगलात."

"अन् अस्वल आलं असतं तर?"

"अस्वलाले तिकीट देल्ली असती."

प्रेरणा हसली. नाकातून पाणी येईस्तोवर हसली. मग हळूच विचारलं, "दिव्या, माझं भेव लागते का तुले?"

"लागते."

"आताही?"

पोरीनं एक खडा उचलून बाजूला टाकला. "आता नाही. आता तुझे हात भरले हायेत ना."

प्रेरणाचा हात थांबला. मला वाटलं, आता ही मला बाजूला टाकणार आणि पोरीला जवळ ओढणार. पण तिनं तसं केलं नाही. मला तिनं आणखी घट्ट धरलं, दोन्ही हातांनी, आणि पाखडत राहिली. दिव्या वीतभर सरकली. मग आणखी वीतभर. शेवटी तिचा गुडघा आईच्या गुडघ्याला टेकला.

मित्रांनो, त्या गुडघ्यावरही मी जळाले. स्वभावाला औषध नाही.

आता प्रेरणा रोज मला घेत नाही. कधी कढई घासते, कधी फाट्यापासून पायी येते आणि दिव्या तिला अर्ध्या वाटेवर भेटते. चटईही आहेच, मेली मरत नाही. पण तुम्हाला एक सांगते. तुमच्या घरी दिवसभराचं गिळून कोणी येत असेल, तर त्याला डोळे मिटायला लावून घर चिडीचूप करू नका. त्याच्या हातात काहीतरी काम द्या, आणि तुम्ही हातभर लांब का होईना, पण बसा. आणि घरात खुंटीवर माझ्यासारखी कोणी लटकलेली असेल, तर वर्षातून एकदा तिला मेथीचा लेप द्या. मात्र त्याच दिवशी शेजारणीच्या सुपलीला देऊ नका.