अकारविल्हे

"सवय होईल," समोरच्या शिंप्याकडे न बघताच हुशारराव म्हणाले. "नवा चष्मा नव्या चपलेसारखा असतो. आधी चावतोच."

"चावला असता तर चाललं असतं हो," शिंपी म्हणाला. "पण सुई कुठाय तेच दिसत नाही. जुन्यातनं निदान सुई तरी दिसायची. डॉक्टरांना परत दाखवू का?"

"डॉक्टरांना तेवढाच उद्योग आहे? उद्या या. बघू."

हुशारराव म्हणजे या धर्मादाय डोळ्यांच्या दवाखान्यातले कारकून. हे नाव शिपायांनी त्यांना टिंगलीनं ठेवलं होतं आणि ते त्यांनी कौतुक समजून खुशाल मिरवायला घेतलं होतं. कॉम्प्युटर न येणाऱ्या माणसाला ते माणसांत धरत नसत. डॉक्टरांनासुद्धा नाही.

तपासणी शिबिराची यादी डॉक्टरांनी माणसं आली तशी भरली होती. हा गबाळेपणा हुशाररावांना बघवेना. चष्मे करायला पाठवण्याआधी त्यांनी नावांचा रकाना निवडला आणि अकारविल्हे लावायचा हुकूम सोडला. बाजूचे रकानेही नावांबरोबर हलवू का, असं कॉम्प्युटरनं विचारलं. आता यानं आपल्याला शिकवायचं! हुशाररावांनी 'नको' दाबलं. नावं शिस्तीत उभी राहिली आणि चष्म्यांचे नंबर जिथल्या तिथे राहिले. ज्याच्या नाकावर जो नंबर आला तो आला.

शिंपी गेल्यावर त्यांनी सहज म्हणून यादी उघडली. शिबिरात त्यांनी वशिल्यानं आपल्या आईचंही नाव घुसवलं होतं. आईला नुसता वाचायचा चष्मा हवा होता. तिच्या नावापुढे मात्र चार हातांवरचा माणूस न ओळखणाऱ्या कुणाचा तरी भलाथोरला नंबर होता. त्यांनी वरचं नाव पाहिलं, खालचं पाहिलं, आणि आपण दाबलेलं 'नको' त्यांना आठवलं. एवढ्या लोकांच्या डोळ्यांचं काय होणार, हा विचार त्यांना शिवला नाही. शिपाई काय म्हणतील, हा मात्र लगेच आला.

संध्याकाळी ते घरी पोचले तेव्हा आई नवा चष्मा लावून पेपर वाचत होती. वडिलांची नजर कधीच गेलेली. आई रोज त्यांना पेपर वाचून दाखवी, तेवढंच त्यांचं जग उरलं होतं. तिचा आवाज कुठे अडखळत नव्हता. हुशाररावांचा जीव भांड्यात पडला.

"हल्ली बातम्या बऱ्या येतात रे," वडील त्यांना म्हणाले. "पुलाचं काम झालं, नळाला पाणी आलं. कितीतरी दिवसांत कुणी मेलंसुद्धा नाही."

हुशाररावांनी आईच्या हातातला पेपर घेतला. पहिल्याच पानावर जळालेल्या कारखान्याचा फोटो होता आणि खाली मेलेल्यांची नावं होती.

आईनं त्यांना खुणेनं स्वयंपाकघरात नेलं. "ह्यांच्यापुढे बोलू नकोस," ती हळूच म्हणाली. "अक्षरं नुसती पोहतात बघ. काहीबाही सांगते मी त्यांना. पण तू बदलून मागू नकोस हं. एवढ्या लोकांचं तू केलंस, त्यात आईनंच नावं ठेवली तर कसं दिसेल?"

दुसरा कुणी असता तर तिथेच मेल्याहून मेला असता. हुशाररावांना हायसं वाटलं.

दुसऱ्या दिवशी शिंपी दार उघडायच्या आधीच येऊन बसला होता. हुशाररावांनी त्याला प्रेमानं खुर्ची दिली.

"असं बघा, माझ्या सख्ख्या आईलाही यातलाच चष्मा दिलाय. रोज वडिलांना अख्खा पेपर घडाघडा वाचून दाखवते. एका अक्षराची तक्रार नाही."

शिंपी ओशाळला. "असं आहे होय? मग माझे डोळेच संपले म्हणायचे," तो म्हणाला. "मशीन काढून टाकायला सांगतो पोराला. उगाच लोकांचं कापड बिघडायला नको." त्यानं चष्मा रुमालात नीट गुंडाळला, खिशात ठेवला आणि उठला.

"तुम्हाला फुकटचा त्रास दिला, साहेब. आईंना माझा नमस्कार सांगा."

"सांगतो," हुशारराव म्हणाले, आणि त्यांनी पुढच्या माणसाला आत बोलावलं.