पूर्णेचं पाणी प्यालेली गाडी

मी एक जुनी गाडी आहे.

थांबा. राजकुमारच्या आवारात हे वाक्य चालत नाही. नांदुऱ्याला जुन्या गाड्या विकणारा हा माणूस माझी गोष्ट अशी सांगतो: "जुनी कायची, साहेब? नवीच समजा. एका डॉक्टरच्या हातची हाय. घर ते दवाखाना, दवाखाना ते घर. कच्चा रस्ता इनं पाह्यलाच नाही."

मित्रांनो, यातलं काहीच खरं नाही. मी पुन्हा पहिल्यापासून सुरू करते.

०

मी एक जुनी गाडी आहे. उंच चाकांची, डिझेलची. डोणगावच्या वामनरावांनी मला नवी असताना घरी नेलं. ते शेतकरी, पण पायाला भिंगरी. पेरणी आटोपली की निघालेच. लोणारच्या सरोवराचा काठ, ज्ञानगंगेचं जंगल, मेळघाटातले दगडगोट्यांचे चढ. कच्चा रस्ता हेच माझं आयुष्य होतं. मोठा चढ चढून झाला की वामनराव खाली उतरत, बोनेटवर हात ठेवून विचारत, "दमली का वं?"

मी कधीच दमले नाही.

मग एका श्रावणात ते मला घेऊन पूर्णेकाठी लेकीच्या गावी गेले. नदी गावात शिरली. माणसं घरांच्या धाब्यावर चढली आणि मी अंगणात उभी राहिले. पाणी आधी चाकांत आलं, मग सीटवर, मग स्टिअरिंगच्या वर. ओसरलं तेव्हा माझ्या पोटात गाळच गाळ होता.

वामनरावांनी मला ट्रकवर चढवून राजकुमारकडे आणलं. म्हणाले, "पुरात बुडाली हे. तुकडे करून इक. कोणाले हिच्यात बसवू नको, बाप्पा."

राजकुमारनं गळ्याला हात लावला. "मायची शप्पथ, मामा."

०

शपथेनंतरची माझी अवस्था:

सीट धुऊन उन्हात. खाली नवा गालिचा. वर नवा रंग. आरशाला अत्तराची बाटली. मीटर मागे फिरवलेला.

मीटर मागे फिरवणं म्हणजे काय, ते तुम्हाला कसं सांगू? तुमचं अर्धं आयुष्य कोणी पुसून टाकलं आणि वर तुम्हालाच हसायला सांगितलं, तर? मेळघाट गेला. लोणार गेलं. त्यांच्या जागी एक डॉक्टर आला, ज्याचं तोंडही मी कधी पाहिलं नाही.

०

साखरखेर्ड्याच्या हरिओमनं मला विकत घेतलं.

पाण्यानं माझ्या तारा आतून कुजल्या होत्या. राजूर घाटाच्या चढावर इंजिन अचानक बंद पडलं. ब्रेकचं पेडल दगडासारखं कडक झालं. मी मागे घसरत गेले, घसरत गेले, आणि कठड्यावर

आदळून थांबले. कठड्यापलीकडे दरी होती.

हरिओमचा हात मोडला. प्लॅस्टर घातलेल्या हातानं तो आवारात जाब विचारायला आला, तेव्हा राजकुमार चहा पीत होता. "तुले चालवता येत नाही, त्यात गाडी काय करन बे?" असं म्हणून तो हसला. मग मला कवडीमोलानं परत घेतलं, मागचा पत्रा ठोकून सरळ केला, आणि दुसऱ्या दिवशी डॉक्टर पुन्हा माझ्या गोष्टीत हजर झाला.

त्या हसण्याचा सूड घ्यायचं मी ठरवलं. गाडीला दात नसतात, जीभ नसते. पण राजकुमार एक गोष्ट धुवायला विसरला होता.

सीटबेल्ट.

आपल्याकडे बेल्ट लावतं कोण? गाडीनं टीं-टीं करू नये म्हणून लोक तो पाठीमागून घेऊन खटक्यात अडकवतात आणि त्याच्यावर टेकून बसतात. राजकुमारच्या आवारातल्या सगळ्याच गाड्यांचे बेल्ट असेच अडकवलेले. दिसत होता तेवढा पट्टा त्यानं पुसला. उरलेली गुंडाळी माझ्या दाराशेजारच्या खांबात होती, आणि तिच्यात पूर्णेचा गाळ होता. तो मी जपला, तुम्ही एखादा राग जपता तसा.

०

आणि गेल्या महिन्यात ते तिघं आले.

मेहकरला नोकरी करणारा प्रसेनजित, त्याची बायको सारिका, आणि त्याची आई बनाबाई. गिऱ्हाइकाचं नाव कानावर पडलं की राजकुमारचा नमस्कार बदलतो.

"जय भीम, मावशी! या, आपलीच गाडी समजा."

"जय भीम," बनाबाई म्हणाल्या. "आपली हाय, मंग फुकट देतं का?"

राजकुमार मोठ्यानं हसला. प्रसेनजितनं माझ्या बोनेटवर हात ठेवला. "इंजिन काऊन गरम हाय? आम्ही यायच्या आधी चालू केली होती का?"

"तुमच्यासाठीच तयार ठेवली, साहेब. कुठं न्यायची म्हणता?"

"सगळीकडं," सारिका म्हणाली. "आधी लोणार. मग दिवाळीत मेळघाट. तंबू घेतला आम्ही."

"मले तंबूत झोपवून राह्यले हे," बनाबाई म्हणाल्या. "घरी चांगला पलंग असून!"

मेळघाट. हा शब्द ऐकून माझ्या टायरांत काहीतरी हललं. मला त्यांच्याबरोबर जायचं होतं, मित्रांनो. फार जायचं होतं. पण ते मला आजच घरी नेणार होते, राजूर घाटानं. बनाबाई मागच्या सीटवर बसणार होत्या, दरीच्या बाजूला.

चक्कर मारून पाहायला तिघं आत बसले. राजकुमार खिडकीशी वाकला. सारिकानं पाठीमागून अडकवलेला बेल्ट खटक्यातून सोडवला.

"राहू द्या ना, ताई. इथं कोण लावते? हात खराब होईल."

"जंगलात जायची गाडी हाय. बेल्ट तर पाहिजेच."

तिनं ओढला. हा बेल्ट नेहमी अडायचा. त्या दिवशी मी तो अडू दिला नाही. ये, अजून ये, म्हणत मी सगळी गुंडाळी तिच्या मांडीवर सोडून दिली.

स्वच्छ पट्टा संपला. पुढचा करडा, कडक, तडे गेलेला. वाळलेल्या गाळाचे पापुद्रे तिच्या साडीवर सांडले.

प्रसेनजितनं खाली उतरून गालिच्याचा कोपरा उचलला. तिथंही तेच.

"ते... डॉक्टरसाहेब कधीमधी शेतात जात होते," राजकुमार म्हणाला.

"शेतात?" बनाबाईंनी पापुद्रा चिमटीत धरला. "गाळ खांद्यापर्यंत आला न रे. डॉक्टर काय नदीत दवाखाना चालवत होता का बे?"

आवारात आणखी गिऱ्हाइकं होती. ती हसली. मग त्यांतला एक जण हसता हसता थांबला, आपण पाहत असलेल्या गाडीत वाकला आणि तिचा बेल्ट ओढला. मग दुसरा. मग सगळेच. सर्रर्र. सर्रर्र. पांढऱ्या गाडीतून गाळ पडला. लाल गाडीतूनही पडला. राजकुमार या दारातून त्या दारात धावत होता, आणि मी ते डोळे भरून पाहत होते.

ते तिघं बसनं मेहकरला परत गेले. आता तालुक्यात कोणी त्याच्याकडे गाडी पाहायला येत नाही. मला वाईट वाटत नाही. जराही नाही.

०

मित्रांनो, जुनी गाडी घ्या, जरूर घ्या. आम्हाला अजून खूप रस्ते पाहायचे असतात. पण इंजिन गार असताना जा; गरम इंजिन आपली दुखणी लपवतं. बेल्ट शेवटपर्यंत ओढा. गालिच्याखाली हात घाला. आमची काळजी घ्या, आणि आमच्या तोंडून दुसऱ्याला खोटं बोलू देऊ नका.

आज भंगारवाला आला आहे. आवाराच्या फाटकापाशी, भर रस्त्यावर, त्यानं पत्रा कापायचं यंत्र सुरू केलं. माझ्याकडे पाहून तो ओरडला, "चांगली तर दिसून राह्यली! काऊन तोडता?"

राजकुमार काहीतरी पुटपुटला.

"काय? मशीन चालू हाय! जोरानं बोला!"

रस्त्यावरची माणसं थांबून पाहू लागली. राजकुमारनं दोन्ही हात तोंडाशी नेले.

"पुरातली हाय!" तो ओरडला. "पुरातली गाडी हाय!"