दोन्हीकडची हवा

मे महिन्यात हेमाबाई स्वयंपाकघरात चक्कर येऊन पडल्या. पूर्णेत त्या आठवड्यात पारा पंचेचाळिसाच्या खाली येत नव्हता. शेजारच्या दगडाबाई विरजण मागायला आल्या म्हणून कळलं, नाहीतर संध्याकाळपर्यंत कुणाला पत्ताही लागला नसता. दगडाबाईंनी डोक्यावर पाणी मारलं, ऑटो बोलावला आणि दवाखान्यात नेलं. सलाईन लागलं. मग परभणीहून मुलगा श्रीराम गाडी घेऊन आला आणि आईला आपल्या घरी घेऊन गेला.

हेमाबाई पूर्णेच्या शाळेत भूगोल शिकवायच्या. निवृत्त होऊन तेरा-चौदा वर्षं झाली होती. नवरा माधवराव रेल्वेत गार्ड होते. मुलगी निवेदिता कॅनडात सास्काटूनला असते. तिच्या बाळंतपणाला जायचं म्हणून दोघांनी दहा वर्षांचा व्हिसा काढला होता. पण माधवराव अचानक वारले आणि ते जाणं राहूनच गेलं. तेव्हापासून हेमाबाई रेल्वे स्टेशनजवळच्या घरात एकट्या राहत होत्या. श्रीराम परभणीत बँकेत. त्याची बायको अबोली, आणि मुलगा अथर्व बारावीला.

रविवारी सकाळी श्रीरामनं निवेदिताला व्हिडिओ कॉल लावला. मोबाईल साखरेच्या डब्याला टेकवून ठेवला आणि सगळे टेबलाभोवती बसले.

"आई, कशी आहेस गं?" निवेदितानं विचारलं.

"बरी आहे. उगंच यांनी एवढं मोठं केलं."

"उगंच नाही," श्रीराम म्हणाला. "निवी, मी स्पष्टच बोलतो. उन्हाळ्यात आईला इकडं ठेवणं म्हणजे जिवाशी खेळ आहे. आमचा फ्लॅट वरच्या मजल्यावर. स्लॅब तापला की रात्रीपर्यंत भट्टी. लाईट रोज जायलीय. तुझ्याकडं हवा कशी आहे?"

"आत्ता छान आहे. पण दादा, इथला हिवाळा तू बघितला नाहीस. उणे पस्तीस. बाहेर उभं राहिलं तर पापण्यांवर बर्फ धरतो. आईचे गुडघे आधीच दुखतात. तिला नाही सोसणार."

हेमाबाई दोघांचं ऐकत होत्या आणि त्यांना मनातून बरं वाटत होतं. दोघांचंही खरं होतं, आणि एकाची अडचण दुसऱ्याच्या सोयीत नेमकी बसत होती.

"अरे, मग सोपंच आहे की," त्या म्हणाल्या. "एप्रिल ते सप्टेंबर मी निवीकडं राहते. तिकडं तेव्हा मस्त हवा. ऑक्टोबरात परत इकडं. परभणीत हिवाळ्यात काय, गच्चीवर ऊन खात बसावं. दोन्हीकडची चांगली हवा मला मिळंल."

पडद्यावर निवेदिता इतकी स्तब्ध झाली, की हेमाबाईंना वाटलं नेटवर्क गेलं.

"निवी, आवाज येतोय का?"

"येतोय." निवेदितानं केस मागं सारले. "हवेचं झालं आई. पण प्रवास? हे काय पूर्णा-नांदेड आहे का? तीन विमानं बदलावी लागतात. एकटीनं, या वयात, दरवर्षी?"

"हैदराबादपर्यंत तर आपल्या पूर्णेहून गाडी आहे. पुढं विमानतळावर व्हीलचेअर देतात म्हणे. आमच्या शाळेतल्या कुलकर्णीबाई गेल्या की अमेरिकेला."

"त्यांची गोष्ट वेगळी आहे."

"आणि इकडचंही सांगते आई," अबोली मध्येच म्हणाली. "गैरसमज करून घेऊ नका. दोनच बेडरूम. अथर्वचं नीटच्या परीक्षेचं वर्ष. तुम्ही हॉलमध्ये झोपलात की त्याला पाणी प्यायला उठायचं म्हटलं तरी संकोच होतो. घरात माणसं किती अन् जागा किती, तुम्हीच बघा."

हेमाबाईंनी अथर्वकडं बघितलं. तो खाली मान घालून पोहे चिवडत होता. शाळेत दोन प्रदेशांची तुलना शिकवताना त्या फळ्यावर एकाखाली एक लिहायच्या: स्थान, हवामान, लोकसंख्या. तिन्ही मुद्दे झाले होते. आता काही उरलं नव्हतं.

"म्हणजे मी कुणाकडंच राहू नये, असं समजू का?" त्यांनी विचारलं.

"असं कसं बोलतेस तू?" श्रीराम चिडून म्हणाला.

"दादा, तू आईला ते सांगितलंस का?" निवेदिता म्हणाली.

"सांगणारच होतो." श्रीराम खुर्ची पुढं ओढून बसला. "पुण्याच्या पुढं एक ठिकाण आहे, ज्येष्ठांसाठी. बाग आहे, डॉक्टर आहे, जेवण साधं. हवा एकदम उत्तम. ना फार ऊन, ना फार थंडी."

"आम्ही दोघांनी व्हिडिओ बघितला आई. खरंच छान आहे."

आम्ही दोघांनी. हेमाबाईंच्या ते लक्षात आलं. इतका वेळ एकमेकांवर ढकलणारी ही दोन भावंडं तिथं येऊन एकदम एक झाली होती. म्हणजे हे आधीच ठरलं होतं. आणि आपण मघाशी वर्गात उत्तर सापडलेल्या पोरासारखं हरखून बोलत होतो, याची त्यांना सगळ्यात जास्त लाज वाटली.

"तिथं माझ्या ओळखीचं कोण आहे?"

"होतील ना ओळखी," श्रीराम म्हणाला.

दुसऱ्या दिवशी त्या पूर्णेला परत निघाल्या. "संध्याकाळी सोडतो," श्रीराम म्हणाला, पण त्याला बँकेत मीटिंग होती आणि त्या थांबल्या नाहीत. अबोलीनं डबा दिला. हेमाबाई ऑटोनं स्टेशनवर गेल्या आणि पॅसेंजरमध्ये बसल्या.

दगडाबाई दारातच भेटल्या. "बाई, आलात का? लेकानं ठिवून घेतलं न्हाई?"

"मीच आले."

दगडाबाईंनी त्यांच्या तोंडाकडं बघितलं. "बरं झालं. म्या येत जाईन झोपायला. आमच्या म्हाताऱ्याच्या घोरण्यानं बेजार झाले म्या."

हेमाबाईंनी खिडकीला कूलर बसवून घेतला. कसाबसा उन्हाळा गेला. पावसाळा आला, सोयाबीन निघालं, दिवाळीही झाली. श्रीराम फराळाचा डबा घेऊन येऊन गेला. पुण्याचा विषय त्यानंही काढला नाही आणि त्यांनीही नाही. निवेदिता रविवारी फोन करायची. नातीला समोर बसवायची, नात दोन शब्द बोलून पळून जायची.

नोव्हेंबर सरताना एका दुपारी निवेदिताचा फोन आला. ती रडत होती.

"आई, माझं ऑपरेशन करायचं म्हणायलेत. गर्भपिशवी काढावी लागंल. यांची नोकरी आता दुसऱ्या गावी आहे, शनिवार-रविवारच घरी येतात. पोरीला कोण बघंल? तू ये ना. डिसेंबर ते फेब्रुवारी. तिकीट मी काढते, व्हिसा आहेच तुझा."

"घाबरू नकोस गं," हेमाबाई म्हणाल्या. आणि मग तोंडातून निघूनच गेलं, "पण डिसेंबरात?"

"थंडीचं काही नाही आई. घर चोवीस तास गरम असतं. तुला बाहेर पडायचं कामच नाही. कळणारसुद्धा नाही थंडी."

"आणि तीन विमानं?"

"व्हीलचेअर देतात ना. तूच म्हणाली होतीस."

हेमाबाई पलंगावर बसल्या. पोर आजारी होती, घाबरलेली होती, आपली होती. लोकरीची शाल कुठल्या कपाटात आहे हेसुद्धा त्यांना आठवायला लागलं होतं. तरी त्यांनी विचारलं, "आणि मार्चात?"

"मार्चात काय?"

"मार्चात मी कुठं जायचं?"

"मार्चात तू परत..." निवेदिता अडखळली. "दादा बघंल ना. आणि ते पुण्याचं ठिकाण आहेच की."

"नाही येत मी," हेमाबाई म्हणाल्या.

"आई, माझं ऑपरेशन आहे!"

"कळतंय मला. सगळं नीट होईल. पण मी नाही येत."

फोन कट झाला. संध्याकाळी श्रीरामचा आला. "एवढा राग आई? पोटच्या पोरीवर?" त्यांनी त्याला "तू जा ना मग" म्हटलं. त्याला रजा नव्हती.

दगडाबाई आल्या तेव्हा हेमाबाईंनी त्यांना सगळं सांगितलं. वाटलं, ही तरी आपल्या बाजूनं बोलेल. दगडाबाईंनी पदरानं तोंड पुसलं आणि म्हणाल्या, "चुकलात बाई तुमी. लेकीचं पोट फाडायलेत अन् तुमी मार्चाचं काय धरून बसलात?"

सकाळी हेमाबाईंनी स्वतःहून फोन लावला. "निवी, येते मी. तिकीट काढ."

"राहू दे आई." निवेदिताचा आवाज अगदी सरळ होता, रागाचाही नव्हता. "तू नाही म्हणालीस तेव्हाच सासूबाईंना फोन केला. त्या लगेच हो म्हणाल्या. व्हिसा त्यांचाही आहेच."

"अगं, त्यांना तर दमा आहे."

"हो. पंप घेऊन यायल्यात."

"ऑपरेशन कोणत्या तारखेला?"

"कळवते."

तिनं कळवलं नाही. ऑपरेशन नीट झालं हे श्रीरामनंच सांगितलं. जानेवारीत घरच्या ग्रुपवर एक फोटो आला. निवेदिताच्या नांदेडच्या सासूबाई नऊवारीवर जाडजूड कोट चढवून बर्फात उभ्या होत्या, नात त्यांच्या कमरेला बिलगून हसत होती. खाली सगळ्यांनी अंगठे आणि फुलं टाकली होती. हेमाबाईंनी 'छान' एवढं लिहिलं. मग बोटांनी फोटो मोठा करून नातीचा चेहरा बघत राहिल्या. पुढचा एक दात पडला होता. हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

दगडाबाई मागून डोकावल्या. "कोन हाय ही बाई?"

"निवीची सासू."

"नशीबवान हाय," दगडाबाई म्हणाल्या आणि आपलं अंथरूण घालायला लागल्या.