नुसती मान हलवा

चहाचा पेला दाराबाहेरच्या स्टुलावर ठेवून तिने टकटक केली आणि जिन्याच्या कठड्यापर्यंत मागे सरली. दार किलकिलं झालं, आबांचा हात बाहेर आला, पेला आत गेला. साथ सुरू झाल्यापासून बापलेकीची सकाळ अशीच होत असे. ती इस्पितळात फार्मासिस्ट आणि आबांची फुप्फुसं आधीच अधू; त्यामुळे एका घरात राहूनही ती त्यांच्या जवळ गेली नव्हती.

"कोपऱ्यावरचं पोस्टर पाहिलंस?" आबा दाराआडून म्हणाले. "मंत्र्याच्या हातात सिरिंज. मत द्या, लस घ्या."

"मतदानापुरतं असतं ते, आबा."

"म्हणजे माझ्यापर्यंत पोचायच्या आधी तुझी लस निवडणुकीला उभी राहिली म्हण की." ते हसले आणि हसता हसता त्यांना खोकल्याची उबळ आली. उबळ ओसरेपर्यंत ती कठड्याला धरून उभी राहिली. "पण येतेय का गं लस? खरंच?"

"मला विचारू नका."

"तुला नाही तर कुणाला विचारू? सगळं पोटात ठेवतेस. आईवर गेलीस अगदी."

पोटात ठेवणं हेच तिचं काम होतं. लसीची चाचणी चालली होती. निम्म्या स्वयंसेवकांना लस आणि निम्म्यांना नुसतं सलाईन टोचलं जाई, आणि कुणाला काय मिळालं हे ना त्यांना ठाऊक, ना टोचणाऱ्या नर्सला, ना डॉक्टरांना. लस किंचित गढूळ दिसे, सलाईन नितळ. बंद खोलीत ती सिरिंज भरी, तिच्यावर पिवळी पट्टी गुंडाळी आणि खिडकीतून पलीकडे देई. त्या पट्टीखालचं सत्य साऱ्या इस्पितळात तिला एकटीला माहीत असे. तिच्याशी कुणी चाचणीविषयी बोलायचं नाही, असा दंडक होता. पण कुजबुज भिंतीला अडत नाही. कोणकोण आजारी पडलं ते तिच्या कानावर आलंच होतं, आणि एकदा कानावर आल्यावर मनाने जुळवाजुळव केली, ती काही तिला विचारून नव्हे. आजारी पडलेले जवळजवळ सगळे सलाईनवाले होते. ही आनंदाची गोष्ट ती कित्येक दिवस एखाद्या गुन्ह्यासारखी बाळगत होती.

त्या दिवशी इस्पितळात सकाळची कामं आटोपत असताना त्या बंद खोलीचं दार वाजलं. चाचणी केंद्राचे प्रमुख डॉक्टर उभे होते.

"सर, आत नका येऊ."

"आत कुठे येतोय? उंबऱ्यावर आहे." त्यांनी मागे वळून कॉरिडॉर पाहून घेतला. "मंजुरी समितीचे अध्यक्ष माझे शिक्षक. सकाळ-संध्याकाळ त्यांना वरून फोन. मतदानाआधी मंजुरी हवीय, सभेत जाहीर करायला. म्हातारा माणूस कात्रीत सापडलाय हो. मला म्हणाले, आकडे पुरे व्हायला अवकाश आहे, पण लागू पडतेय एवढं तू सांग, मी सही करून मोकळा होतो."

"आपल्याकडचे आजारी मूठभर, सर. तेवढ्यावरून काय कळणार?"

"ते मला नका शिकवू." त्यांच्या आवाजात राग नव्हता, थकवा होता. "तुम्ही काही बोलूच नका. नुसती मान हलवा. हो की नाही."

तिने मान हलवली नाही. मात्र त्याच क्षणी आबांची ती उबळ तिला आठवली, आणि दाबून ठेवलेला आनंद आपसूक वर आला. मास्कच्या वर दिसणाऱ्या डोळ्यांना कुणी पिवळी पट्टी गुंडाळलेली नव्हती. डॉक्टर तिच्याकडे पाहत राहिले. मग त्यांचे खांदे सैल पडले.

"बरं," ते म्हणाले. "तुम्ही मला काहीही सांगितलेलं नाहीत." आणि गेले.

दुपारी खिडकीपलीकडे, स्वयंसेवकांच्या प्रतीक्षागृहात, टीव्हीवर मंत्र्यांची सभा चालू होती. लस हमखास गुणकारी असल्याचं आपल्याला खात्रीलायक कळलं आहे, समिती परवा शिक्कामोर्तब करील, असं ते सांगत होते. टाळ्या थांबेनात.

"हमखास म्हणे," दुसऱ्या डोससाठी आलेला एक टॅक्सीवाला म्हणाला. "यांच्या मागच्या जाहीरनाम्यातला पूलही हमखासच होता."

शेजारच्या शिवणकाम करणाऱ्या बाईंनी बाही खाली ओढली. "निवडणुकीची लस मी पोरांना टोचू देणार नाही. सांगून ठेवते."

"अहो मावशी, तुम्हीच तर आत्ता टोचून घेतलीत," नर्स म्हणाली.

"ती तुमच्या भरवशावर. ही कुणाच्या भरवशावर घ्यायची?"

नर्सने पुढचं नाव पुकारलं. खिडकीआड, आपल्या बंद खोलीत, ती हे ऐकत पुढची सिरिंज हातात धरून तशीच उभी राहिली. लस चांगली होती, निदान तिला तसं वाटत होतं. आणि तिच्या एका नजरेने त्या चांगल्या गोष्टीवरचा भरवसा उडायला सुरुवात झाली होती.

चाचणीवर देखरेख ठेवणारं एक स्वतंत्र मंडळ होतं. गुपित फुटलं तर त्यांना कळवायचं, हा नियम तिला पाठ होता. पुढे काय होईल हेही ठाऊक होतं. या केंद्राचे सगळे स्वयंसेवक मोजदादीतून वगळले जातील, मंजुरी लांबेल, आणि आबांचं दार आणखी काही महिने किलकिलंच उघडेल. समोर जमलेल्या माणसांचे हेलपाटेही बहुधा वाया जातील. डॉक्टर कधीच काही कबूल करणार नाहीत. ती गप्प राहिली, तर कुणालाच कळणार नव्हतं.

तिने रांगेतल्या शेवटच्या माणसापर्यंतच्या सिरिंजा नेहमीच्याच काळजीने भरून दिल्या. मग खिडकी लावली आणि मंडळाला फोन फिरवला.

फोनवरच्या बाईंनी मध्ये न बोलता ऐकून घेतलं. "म्हणजे तुम्ही तोंडाने काहीच सांगितलं नाहीत?"

"नाही. पण त्यांना माझ्याकडून कळलं."

"हे नोंदवलं की उद्यापासून तुम्हाला त्या खोलीत जाता येणार नाही. कल्पना आहे ना?"

"आहे."

"नोंदवू मग?"

"नोंदवा," ती म्हणाली. मग खुर्ची ओढून बसली आणि डॉक्टर दारात आले तिथपासून सावकाश, लिहून घेता येईल अशा बेताने, सांगू लागली.