जिन्यातलं वाक्य

बायको गेल्याचं कळलं तेव्हा मी एका सात मजली इमारतीत लिफ्टच्या खड्ड्यात उतरून सफाई करत होतो. फोन वर पिशवीत राहिला होता. तो पहारेकऱ्याने उचलला आणि खाली वाकून म्हणाला, "मिस्त्री, आधी वर या, मग सांगतो." वर येईपर्यंत मला समजलं होतं. सकाळी ती ठणठणीत होती. दुपारी दवाखान्यात पोचायच्या आत सगळं आटोपलं.

पंधरा दिवसांनी अंधांच्या ग्रंथालयातून फोन आला. ती दर शनिवारी तिथे पुस्तकं मोठ्याने वाचून रेकॉर्ड करायची. शेवटी हातात घेतलेली भुताची कादंबरी अर्धवट राहिली होती. बावीस प्रकरणांपैकी एकोणीस झाली होती. ग्रंथपाल बाई चाचरत म्हणाल्या की एका पुस्तकाला एकच आवाज असा नियम आहे, तेव्हा नवा वाचक पहिल्यापासून वाचेल आणि हिचं रेकॉर्डिंग पुसावं लागेल.

मी म्हणालो, पुसू नका. उरलेलं मी वाचतो.

हे ऐकून माझी मुलगी पंधरा दिवसांत पहिल्यांदा हसली. म्हणाली, बाबा, तुम्ही लग्नपत्रिकासुद्धा आईकडून वाचून घेत होता.

पुस्तक घरी आणलं. बोट ठेवून वाचत गेलो. एका घराचा जिना आहे. जो उतरतो त्याला मागून मेलेल्या बाईचा आवाज येतो, "थांबा, मी पण येते." प्रत्येक प्रकरणात तेच. मला वैताग आला. लेखकाला दुसरं काही सुचत नव्हतं की काय, असं मी ग्रंथालयात बोलून गेलो. तिथे एक टेलिफोन ऑपरेटर बसले होते, जन्मापासून अंध. ते म्हणाले, "मिस्त्री, गोष्ट ऐकताय की लिफ्ट तपासताय? ते वाक्य येणार हे ठाऊक असतं म्हणून तर आम्ही जीव मुठीत धरून बसतो. आणि वहिनी ते दर वेळी वेगळं म्हणतात."

मग मी तिची एकोणीसही प्रकरणं ऐकली. त्यांचं खरं होतं. पहिल्या प्रकरणात ती लांबून बोलते. सातव्यात अगदी कानाशी. अकराव्यात जरा दमलेली वाटते, दोन्ही हातांत पिशव्या घेऊन जिना चढताना वाटायची तशी.

महिनाभर इमारतींच्या गच्चीवर, लिफ्टच्या मशीनच्या खोलीत बसून मी मोठ्याने वाचायची सवय केली. बरोबरचे लोक म्हणायचे, मिस्त्री मोटारीला गोष्टी सांगतात. सांगू देत, म्हटलं. मग ग्रंथपाल बाईंना एक प्रकरण वाचून दाखवलं. ऑपरेटरही होते. बाकी ठीक आहे म्हणाले, पण भूत बोललं तसे ते हसायलाच लागले. "हे कोण काका आले जिन्यात?"

तोड रेकॉर्डिंग करणाऱ्या मुलीने काढली. गोष्ट मी वाचायची आणि भुताचं वाक्य आलं की बायकोचंच आधीचं रेकॉर्डिंग तिथे लावायचं. ग्रंथपाल बाईंनी नियमाच्या कागदावर काहीतरी लिहून सही केली. विसाव्या प्रकरणाला सातव्यातलं वाक्य लावलं, एकविसाव्याला अकराव्यातलं. दोन्ही मीच निवडली.

बाविसाव्या प्रकरणात वाक्य बदलतं. माणूस जिना उतरतो, दाराशी थांबतो, वाट बघतो. मागून आवाज येतो, "तुम्ही व्हा पुढे. मी नाही येत." गोष्ट तिथे संपते.

हे हिने कधी वाचलेलं नव्हतं. रेकॉर्डिंगवाली मुलगी म्हणाली, काका, बाकीच्या प्रकरणांतून त्यांचे सुटे शब्द काढून जोडता येतील, कुणाला कळणारही नाही. मी नको म्हणालो. "जे ती बोलली नाही ते तिच्या तोंडी घालायचं नाही. हे मी वाचणार. ज्याला हसायचं त्याने हसावं."

तीन शनिवार गेलो. प्रत्येक वेळी दारापर्यंतचा मजकूर नीट होतो आणि पुढे आवाज निघत नाही. मुलगी मशीन बंद करते, पाणी देते, पुढच्या शनिवारची वेळ लिहून ठेवते. ऑपरेटर दर सोमवारी फोन करून विचारतात.

एकवीस प्रकरणं पूर्ण आहेत. बाविसाव्यातलं शेवटचं वाक्य वाचायचं राहिलं आहे.