उत्तरेचा किल्ला आणि पाण्याचा पाइप

मित्रांनो, मी संगणकावरचा एक जुना खेळ आहे. एका प्राचीन साम्राज्याच्या सीमा माझ्यात राखायच्या असतात. एक चाल तुमची, मग एक शत्रूची. तुम्ही खेळेपर्यंत शत्रू जागचा हलत नाही. एवढी सबुरी हल्लीच्या खेळांत कुठली!

कोरेगावकडच्या या घरातले जयराज सैन्यात आहेत. सुट्टीला आले, की लेकीला, दीपमालाला, मांडीवर घेऊन मला उघडतात. जाताना डाव तसाच राखून ठेवतात. "दीपे, पुढची चाल माझी. तवर उत्तरेचा किल्ला तू सांभाळ."

यंदा त्यांचा फोन बरेच दिवस आला नव्हता. दीपमाला शाळेतून आली, की मला उघडी, किल्ल्यावरचं निशाण बघे आणि काही न खेळता बंद करी. किल्ला हाय म्हणजे पप्पा हायत, असं तिनं मनाशी धरलं होतं. मला त्याचीच धास्ती. मी साधा खेळ, हे ओझं कसं पेलावं?

खंडेनवमी आली. जयराजांच्या धाकट्या भावानं, नानासोकाकांनी, पूजेची हत्यारं अंगणात काढली. कोयते, खुरपी, ट्रॅक्टर आणि शेवटी माझा संगणक. पाइप धरून ते एकेक धूत निघाले. ट्रॅक्टर झाला, कोयते झाले. माझ्यात हजारो तिरंदाज होते, पण त्या पाइपापुढे काय करणार? पहिले शिंतोडे आत आले आणि माझी पाचावर धारण बसली.

"काका, पानी नगं!" दीपमाला ओरडत धावली.

"अगं, दादाचं हत्यारच की ह्ये. पूजंला पारुसं ठिवायचं व्हय?"

"त्यात पप्पांचा किल्ला हाय!"

काकांच्या हातातला पाइप गळाला. "आरारा! मला काय ठावं, पोरी!" डोक्याचा टॉवेल सोडून त्यांनी मला पुसलं, उन्हात ठेवलं.

दसऱ्याच्या संध्याकाळी दीपमालानं बटण दाबलं. पडदा काळाच. मी उरलोय की नाही, माझं मलाच कळेना. मग हळूच उजेड आला, नदी आली, तट आला... आणि निशाण.

त्यानंतर दोन दिवसांनी फोन वाजला.

"दीपे, किल्ला हाय का गं?"

"हाय पप्पा. चाल तुमचीच हाय," ती हुंदके देत म्हणाली.

"मग तिरंदाज तटावर चढीव. आन् रडू नगंस, शत्रू बघतोय."

मित्रांनो, आम्हां जुन्यांना आंघोळ नको, कोरडं फडकं पुरे. आणि कुणाची चाल राहिली असेल, तर तो डाव मोडू नका.