त्रेचाळीस डबे

मांडणीवाल्याच्या हाताची करामत अशी, की त्याने सजवलेल्या दुकानाच्या काचेपुढून भरल्या पोटाचा माणूस गेला तरी त्याच्या तोंडाला पाणी सुटायचं. एकदा त्याने बिस्किटांच्या डब्यांचा पुरुषभर मनोरा रचला होता. शेजारची इमारत पाडली तेव्हा गल्ली हादरली, भिंतींना तडे गेले, दोघातिघांची दातखीळ बसली. पण मनोऱ्यातला एक डबा जागचा हलला असेल तर शपथ. सगळे डबे रिकामे, बरं का. काचेत भरलेला डबा कोणी ठेवत नाही, उन्हाने माल खराब होतो.

पुढे गिऱ्हाईक घरबसल्या माल मागवू लागलं आणि दुकान बंद पडलं. मांडणीवाल्याच्या वाट्याला आले त्रेचाळीस रिकामे डबे, कारण भंगारवालाही त्यांना हात लावेना. त्याने ते घरी आणून ओट्यावरच्या फळ्यांवर लावले. उघडी फळी दिसली की त्याच्या बोटांना मुंग्या यायच्या. बाकीच्या अंगाला आताशा काहीच होत नसे. भूक लागली तरी ती शेजारच्या खोलीत कोणाला तरी लागली असावी, असं वाटे.

धान्याच्या सरकारी मदतीचा अर्ज बायकोनेच भरला. नऊ पानं. त्याने फक्त सह्या केल्या. मग पत्र आलं: मंगळवारी घराची तपासणी.

"अहो, ते डबे तेवढे उतरवा," मंगळवारी सकाळी बायको म्हणाली आणि पाणी भरायला गेली.

त्याने खालच्या फळीवरचे तेवढे उतरवले. पुसले. आणि पुन्हा लावले. मोठे मागे, छोटे पुढे, लेबलं समोर. घरात परकं माणूस येणार म्हटल्यावर हात ऐकेनातच.

बायको पाणी घेऊन परतली ती तपासनीस बाईंच्या मागोमागच. फळ्यांकडे बघून तिने नुसता श्वास सोडला.

"अगंबाई!" बाई दारातच थबकल्या. "दुकान काढलंत की काय, काका?"

"रिकामे आहेत, मॅडम."

"सगळेच तसं सांगतात." बाईंनी लिहायला सुरुवात केली. "तेल, नऊ डबे. बिस्किटं, बावीस..."

"हलवून तरी बघा."

"आम्हाला हात लावायची परवानगी नाही. मागे आमच्या एकाने कुणाची तरी बरणी उघडली, तर आत आजोबांची कवळी. आजोबांनी पार वरपर्यंत तक्रार नेली. तेव्हापासून दिसेल तेवढंच लिहायचं." त्यांनी मान वर केली. "पण रिकामे आहेत तर ठेवलेत कशाला?"

त्याने पुढचा एक डबा केसभर सरकवला. "फळी उघडी बघवत नाही."

"त्याला फॉर्मात रकाना नाही हो."

"रकान्याने काय होतंय," बायको म्हणाली, "ह्यांना आख्खी वही लागेल."

बाई हसल्या नाहीत, पण त्यांचं पेन थांबलं. "तुम्ही स्वतः उघडून दाखवलेत तर मला बघता येईल. मात्र सगळे उघडायचे. तीन दिवसांचं अन्न निघालं तर अर्ज बाद, आणि सहा महिने नवा भरता येणार नाही."

"सगळे कशाला?" बायको पटकन म्हणाली. "दोनचार बघा ना."

"सगळे."

तो एकेक डबा काढून झाकण उघडू लागला. बाई वाकून बघायच्या आणि म्हणायच्या, "रिकामा." पंधराव्या डब्यापासून कोपऱ्यात शाळेचं दप्तर भरत बसलेली त्याची लेकही त्यांच्या सुरात म्हणू लागली, "रिकामा." एकतिसावा डबा त्याने उचलला आणि तो जड लागला. त्याच्या हाताला ते आधी कळलं, त्याला मागाहून.

आत तांदूळ होते. डब्याच्या बुडाशी, दीड वाटी असतील.

त्याने बायकोकडे पाहिलं. ती शेगडीकडे बघत होती.

"लेकीसाठी ठेवलेत," ती बाईंना म्हणाली. "ह्यांनी डबे कधी उघडलेच नाहीत. रिकामे आहेत हे ह्यांना पाठच आहे ना. आणि दिसले असते तर म्हणाले असते, आज सगळे पोटभर जेवू या."

ते खरं होतं. त्याला राग यायला हवा होता, निदान लाज. तो थोडा वेळ वाट बघत उभा राहिला. दोन्हीपैकी काही आलं नाही.

"किती दिवस पुरतील?" बाईंनी विचारलं.

"तिघांना एक दिवस," बायको म्हणाली. मग हळूच, "तिला एकटीला चार."

पेन कागदावर टेकलेलं तसंच राहिलं. लेकीने दप्तराचा बंद लावला, सोडला, पुन्हा लावला.

"नियमाप्रमाणे घरातली सगळी माणसं जेवतात असं धरायचं असतं," बाई म्हणाल्या आणि त्यांनी लिहिलं: एक दिवस.

उरलेले बारा डबे रिकामेच निघाले. बाईंनी शिक्का मारला, अर्धं पान फाडून त्याच्या हातात दिलं. "मंजूर आहे. कार्ड तीन आठवड्यांत टपालाने येईल."

"तीन आठवडे," तो म्हणाला.

"कधी कधी चारही लागतात," बाई म्हणाल्या आणि जिना उतरल्या.

बायकोने तांदळातले मूठभर काढून भांड्यात घेतली. तो पावती धरून उभा होता.

"तिच्यापुरतेच टाक," तो म्हणाला.

"तिच्यापुरतेच टाकतेय," ती म्हणाली.